कागद खाणारा दिवा

१९९१ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पुढे काउंटर, मध्ये निळा पडदा आणि फिरतं स्टूल, मागे प्लायवूड ठोकून केलेली डार्करूम. स्टेशनसमोर रंगीत फोटोचं मशीन आलं होतं, पण शाळेच्या फॉर्मचे, पासपोर्टचे, मिठागरातल्या कामगारांच्या पासाचे फोटो अजून काळेपांढरेच लागत. आणि काळापांढरा प्रिंट माझ्यासारखा त्या भागात कोणाला काढता येत नसे. हे मी आज शहात्तराव्या वर्षीही सांगतो. ज्याला बढाई वाटेल त्याला वाटो.

शिक्षण चौथी. अकराव्या वर्षी गिरगावातल्या एका स्टुडिओत ट्रे धुवायला लागलो आणि तिथेच शिकलो. उस्तादांनी मला वेळ मोजायला शिकवलं ते घड्याळाशिवाय, आणि कागद ओळखायला शिकवलं ते बोटाने. मी स्वतःचं दुकान काढायला निघालो तेव्हा त्यांनी मला एक काच दिली. पिवळट-हिरवी, वीतभर लांब. डार्करूममध्ये पूर्ण काळोख चालत नाही, हात दिसायला मिणमिणता दिवा लागतो. पण तो असा हवा की कागदाला त्याचा उजेड कळू नये. उस्तादांच्या काचेचा उजेड कागदाला कळत नसे. मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा कापला, आत पंधराचा बल्ब बसवला, पुढे ती काच लावली. नऊ वर्षं भाईंदरात आणि त्याआधी उस्तादांकडे न जाणे किती वर्षं, त्या काचेने कोणाचा एक कागद खराब केला नव्हता.

डार्करूममध्ये आम्ही दोघं असायचो. मी आणि बायको. मी एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्रावर, ती औषधाच्या ट्रेवर. मी उजेड मारून कागद तिच्याकडे द्यायचा, तिने तो औषधात सोडायचा. ट्रेचा एक कोपरा ती इतका हलका उचलायची की औषध कागदावरून लाटेसारखं जाऊन परत यायचं, आवाज नाही. बांगड्या कागदाला लागू नयेत म्हणून ती त्या कोपरापर्यंत वर सरकवून रुमालाने बांधून टाकायची. दुकानातून आत येताना ती रुमाल बांधायची आणि बाहेर पडताना सोडायची. तो बांगड्या खाली येण्याचा आवाज झाला की मला कळायचं, दिवसाचं काम संपलं.

ती मॅट्रिक पास. माझ्या चौथीवर तिने कधी बोट ठेवलं नाही, हे मी लिहून ठेवतो. पण बोट कोणी ठेवत नसलं तरी ते टोचतंच.

त्या काळात कागदाला नंबर असायचे. एक नंबर मऊ, चार नंबर कडक. मऊ कागदावर काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या सगळ्या राखाडी छटा येतात. कडक कागदावर काळं एकदम काळं, पांढरं एकदम पांढरं, मधलं कमी. निगेटिव्ह बघून कुठला नंबर घ्यायचा हे ठरवण्यात सगळी अक्कल. माझ्या कपाटात चारही नंबरांची पाकिटं थप्पी लावून असत.

त्या वर्षी आषाढात मी फोर्टला माल आणायला गेलो तर व्यापारी म्हणाला, "मास्टर, अब नंबरवाला माल भूल जाओ. ये देखो. एक डिब्बे में सब नंबर."

"असं कसं?"

"रंग की पट्टी आती है साथ में. पीली लगाओ तो नरम, गुलाबी लगाओ तो कडक. एन्लार्जर के नीचे पट्टी बदलो, नंबर बदल गया."

मला ते पटलं नाही, पण नंबरवाला कागद मिळत नव्हता. मोठ्या मापाचं एक पाकीट, लहान मापाची दोन आणि रंगीत पट्ट्यांचं एक पुस्तक घेऊन आलो.

पाकिटात घडी घातलेलं इंग्रजी पत्रक होतं. त्यावर पाच-सहा वाकड्या रेघा छापलेल्या, एकमेकींना छेदत वर गेलेल्या. मी ते बाजूला ठेवलं. बायकोने ते उचललं, दुपारी काउंटरवर बसून पेन्सिलने शब्दांखाली रेघा ओढत ओढत वाचलं. मला वाचून दाखवायला लागली तर मी म्हटलं, "रेघा बघून भात शिजतो का?"

"भात शिजत नाही. पाणी किती घालायचं ते कळतं."

"तुला कळलं ना? बास."

"अहो, एक महत्त्वाचं आहे. दिवा लाल पाहिजे असं लिहिलंय. नाहीतर गडद नारिंगी. पिवळा-हिरवा चालणार नाही."

"कोण म्हणतो?"

"कागद बनवणारा म्हणतो."

"कागद बनवणारा माझ्या डार्करूममध्ये येऊन बसलाय का? ही काच उस्तादांची आहे."

"असेल उस्तादांची. पण हा कागद उस्तादांच्या वेळचा नाही ना. ह्याला हिरवा उजेडही कळतो, म्हणून तर पट्ट्यांनी नंबर बदलतो. आपण देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब लावून बघू या का? एकदाच."

"देवाचा बल्ब औषधाच्या ट्रेवर?" मी हसलो. खरं तर मला राग आला होता. ती म्हणत होती ते चूक आहे म्हणून नाही. ती वाचून सांगत होती म्हणून. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि मी मान्य केलं नाही.

त्याच आठवड्यात समुद्रकाठच्या तारोडी गावाहून एक माणूस आला. कोळी, माझ्याच वयाचा. त्याने नवी होडी बांधली होती. नारळी पुनवेला पूजा करून पाण्यात घालायची, त्याआधी सगळ्या घरादाराचा होडीपुढे फोटो हवा, मोठा, फ्रेम करून.

मी म्हटलं, "रंगीत काढा की. स्टेशनसमोर मशीन आहे."

"रंगीत नको. भयनीच्या लग्नाचं फोटू रंगीत हाय. आता समदी गुलाबी दिसतान. बापाचा फोटू काला-पांढरा हाय, अजून तसाच हाय. मना तसाच पायजे."

हे ऐकून माझी छाती फुगली. म्हटलं, येतो.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही दोघं बसने गेलो. ओहोटी होती. डांबर लावलेली काळी कुळकुळीत होडी वाळूवर टेकण लावून उभी. पुढे माणसं, उन्हाने रापलेली, आणि मधोमध खुर्चीवर होडीच्या मालकाची आई, पांढरंशुभ्र लुगडं नेसून. त्या लुगड्यावर ऊन पडलेलं, मागे ती काळी होडी, आणि दोघांच्या मध्ये ते सगळे सावळे चेहरे. फोटो काढणाऱ्यालाच कळेल की हे किती अवघड. लुगड्याची चुणी दाखवायला जावं तर होडी राखेसारखी होते. होडी काळी करायला जावं तर लुगडं नुसता पांढरा डाग.

मी कॅमेरा लावत होतो. बायको माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "त्या पत्रकातली रेघ सांगू का कशी आहे? हा किनारा बघा. खाली ओली वाळू, सपाट. मग चढ. मग वर घरांपाशी पुन्हा सपाट. सपाटीवर दोन माणसं पुढेमागे उभी केली तर कोण उंचावर आहे कळत नाही. चढावर उभी केली की लगेच कळतं. कागदाचं तसंच. खालची सपाटी म्हणजे पांढरं, वरची सपाटी म्हणजे काळं. चेहरे चढावर आले पाहिजेत, नाहीतर नाकडोळे सगळं एकाच रंगाचं होईल."

आज सांगतो, एवढं स्वच्छ मला उस्तादांनीही सांगितलं नव्हतं. त्या वेळी मी म्हटलं, "बाजूला हो, सावली पडतेय तुझी."

"आणि ह्या कागदाला मऊ पट्टी लावली की चढाच्या मध्येच एक टप्पा येतो, जरासा आडवा. चेहरे नेमके तिथे..."

"बाजूला हो म्हटलं ना."

ती बाजूला झाली. म्हातारी खुर्चीतून ओरडली, "काय मास्तर, बायकोला कशाला रागवतंस? तिला पन ये म्हन ना फोटूत!" सगळे हसले. फोटो चांगला आला तो त्या हसण्यामुळे.

पण तो निगेटिव्हवर. कागदावर काय झालं ते आता सांगतो.

पहिला प्रिंट औषधातून वर आला आणि मला वाटलं औषध जुनं झालंय. लुगडं राखाडी, आभाळ राखाडी, वाळू राखाडी. नवीन औषध केलं. तेच. गुलाबी पट्टी लावली, सगळ्यात गडद. होडी थोडी काळी झाली पण लुगडं मळकंच. पिवळी लावली, गुलाबी लावली, वेळ कमी केला, जास्त केला. मोठ्या मापाचे चार कागद गेले. ती ट्रेवरून म्हणाली, "एकदा दिवा बंद करून बघू. अंधारात. मी चाचपून करीन."

"तू गप्प राहा."

"हा दिवा कागद खातोय. मी सांगते तुम्हाला."

"दिवा खातो? नऊ वर्षं उपाशी होता काय?"

ह्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो होतो. बोलायला मी कधी कमी पडलो नाही.

पाचवा प्रिंट त्यातल्या त्यात बरा म्हणून सुकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक त्याच्या आईला घेऊन दुकानात आला. पुनवेला पाच दिवस होते. म्हातारी मासळी विकायला बाजारात आली होती, तशीच आली. मालकाने फोटो दारात नेऊन उजेडात धरला.

"मास्तर, ह्यो फोटू हाय का मलभ?"

"नवीन कागद आहे. असाच येतो."

म्हातारीने तो त्याच्या हातून घेतला, नाकाला लावल्यासारखा जवळ धरला. "माजा तोंड कुटं हाय रं?"

"हाय की आये. ह्यो बग, लुगड्याच्या वर."

"ती तर मिठाची रास हाय!"

मालक हसला. आतून डार्करूमचा पडदा सारून बायको आली होती, तीही हसली. म्हातारीच्या त्या बोलण्यावर कोणीही हसलं असतं. पण मला वाटलं, ही माझ्यावर हसतेय. दिव्यावरून, पत्रकावरून, चौथीवरून.

मी म्हटलं, "हसतेस काय? तुझ्याच हातांनी झालंय हे."

तिने हातातला पडदा सोडला.

मी मालकाकडे वळलो. "हिने पाकीट उजेडात उघडं ठेवलं. कागदाला उजेड लागला. बायकांना डार्करूममध्ये घेतलं की हे असं होतं."

"मी पाकीट उघडं ठेवलं?" ती म्हणाली.

"मग मी ठेवलं?"

बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी भाड्यावरून घासाघीस करत होता. तिच्या हातावर रुमाल बांधलेला होता. तिने तो सोडला. बांगड्या खाली आल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते, काम संपायची ती वेळ नव्हती.

ती म्हातारीला म्हणाली, "आजी, चुकलं माझं. परत करून देतील ते."

"असू दे बाय," म्हातारी म्हणाली. "चूक मानसाच्याच हातून व्हते."

"देतील ते" म्हणाली. नऊ वर्षं ती "देऊ आम्ही" म्हणायची. मला ते ऐकू आलं, पण मी मालकाला नवीन दिवस सांगण्यात गुंतलो होतो. सांगून झाल्यावर वळलो तर ती चप्पल घालून रस्त्याला लागलेली. घर दोन गल्ल्या सोडून. मी मागे गेलो नाही. गिऱ्हाईक टाकून कोण जातं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ती दोघंही तोवर निघून गेली होती.

घरी ती माझ्याशी बोलत होती. जेवायला वाढत होती. भाजी खारट आहे का विचारत होती. एवढंच की तिसऱ्या दिवशीही सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात निघाली नाही. मी म्हटलं, "येत नाहीस?" ती म्हणाली, "शेजारणींनी साड्या दिल्यात फॉल लावायला." आणि सुईत दोरा ओवत बसली.

मी ते मोठं पाकीट काखोटीला मारून फोर्टला गेलो. व्यापाऱ्याच्या काउंटरवर आपटलं. म्हटलं, माल खराब आहे, परत घे. त्याने पुण्याच्या, नाशिकच्या, कुठल्या कुठल्या स्टुडिओंत तोच कागद जातो ते सांगितलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "बत्ती कौनसी जलाते हो, मास्टर?"

मी म्हटलं, "जी सगळे जाळतात ती."

"पीली-हरी?"

मी पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ करायला लागलो.

त्याने मला वाईट वाटू दिलं नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "बहुत लोग फँसे हैं इसमें. एक काम करो. अंधेरे में कागज का टुकडा रखो, उसके ऊपर एक सिक्का. अपनी बत्ती पाँच मिनट जलाओ. एन्लार्जर मत जलाना. फिर दवाई में डालो. कागज सफेद निकला तो मेरा माल वापस. सिक्के का गोल दिखा तो..." त्याने हात जोडले.

संध्याकाळी सहाला मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि डार्करूममध्ये शिरलो. लहान कागदाचा तुकडा टेबलावर ठेवला, वर रुपयाचं नाणं. उस्तादांचा दिवा लावला. पाच मिनिटं मनात मोजली. माझं मोजणं चुकायचं नाही. मग तुकडा औषधात सोडला आणि ट्रेचा कोपरा उचलला, तिच्यासारखा. माझ्या हातून आवाज झाला.

आधी काही नाही. मग कागद हळूहळू मळायला लागला. आणि मधोमध एक गोल तसाच राहिला, पांढरा, रुपयाएवढा, कडा एकदम स्वच्छ. इतका सुंदर गोल मी आयुष्यात काढला नव्हता.

मी तो तुकडा हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या पाण्यात, टाकला आणि स्टुलावर बसलो. किती वेळ ते मोजलं नाही.

पुनवेला दोन दिवस राहिले होते. गुरुवार, आमच्याकडे विजेच्या सामानाची दुकानं गुरुवारी बंद. मी घरी गेलो. दार नुसतं ओढलेलं होतं, ती शेजारी कोणाकडे तरी साडी द्यायला गेलेली. देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काढला, रुमालात गुंडाळला आणि परत दुकानात आलो. नाण्याचा खेळ पुन्हा केला, लाल उजेडात. कागद कोरा पांढरा निघाला. गोल नाही, काही नाही.

मोठे कागद पाच उरले होते. पट्ट्यांचं पुस्तक काढायला मी खण उघडला तर त्या पुस्तकात ते इंग्रजी पत्रक घडी करून ठेवलेलं. उलगडलं. रेघांच्या बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने मराठीत लिहिलेलं होतं, तिच्या बारीक अक्षरात, पण मला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा.

"लुगडं आधी. पिवळी पट्टी. मोजून बारा. मग होडी. गुलाबी पट्टी. मोजून सात. तेव्हा उजेडात हात आडवा धरून आजींचं तोंड झाकणे, मोजून दोन. दिवा लाल."

हे तिने कधी लिहिलं मला माहीत नाही. मी तिच्यावर आळ घ्यायच्या आधी लिहिलं असणार, नंतर ती खोलीत आलीच नव्हती.

आकडे थोडे हलवावे लागले, पिवळीला बाराऐवजी चौदा. बाकी वाट तीच. एकाच कागदावर आधी मऊ उजेड, मग कडक उजेड. दुसऱ्याच कागदाला होडी वर आली, काळी, फळ्यांच्या सांध्यासकट. लुगड्याची एकेक चुणी आली. आणि मग त्या दोघांच्या मधून, चढावर उभी असल्यासारखी, माणसं आली. म्हातारीच्या तोंडावर हसू होतं, गालावर गोंदण होतं, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या होत्या, सगळं वेगळं वेगळं मोजून घ्यावं असं. शेजारी ट्रेवर कोणी असतं तर मी म्हटलं असतं, बघ.

तो फोटो पुनवेच्या आदल्या दिवशी मी स्वतः तारोडीला नेऊन दिला. म्हातारीने तो मांडीवर घेतला. "हां, आता मी हाय," म्हणाली. मालकाने मला नारळ दिला आणि पाठीवर थाप मारली. "मास्तर, तुमचा हातच येगला." मी नारळ घेतला. "बाय न्हाय आली?" म्हातारीने विचारलं. मी म्हटलं, घरी काम आहे. तिथेच, त्या ओट्यावर, पंधरा-वीस माणसांत, मी एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. फोटो हिने काढलाय, आणि चूक माझी होती. मी नारळाची शेंडी सोलत बसलो.

त्यानंतर मी सात वर्षं डार्करूम चालवली, काळापांढरा कागद पुरता बंद होईपर्यंत. बायको पुढे काउंटरवर यायची, पावत्या करायची, पोरांचे केस विंचरून त्यांना स्टुलावर बसवायची. पडद्याच्या आत एकदाही आली नाही. मी बोलावलंही नाही. बोलावलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. प्रिंट चांगले निघत होते, लोक वाखाणत होते, आणि प्रत्येक प्रिंटला मी तिने दाखवलेल्या वाटेने जात होतो. एकटाच आत ट्रे हलवताना मला सारखं वाटायचं की काहीतरी राहिलंय, काम संपलंच नाहीये. मग लक्षात यायचं, बांगड्या खाली आल्या नाहीत.

आम्ही दोघं आहोत अजून. ती रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते आणि मला काय काय छापून आलंय ते सांगते. आता मी ऐकतो. तिला सगळं तेव्हाच कळलं होतं, ह्यात मला शंका नाही. कळणं वेगळं आणि नवऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. मध्यंतरी एका लग्नाला तारोडीला गेलो होतो. त्या घरात तो फोटो भिंतीवर आहे. होडी गेली, म्हातारी गेली, फोटो काल काढल्यासारखा. मालकाच्या सुनेने पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ह्यांनी काढलाय. बायको माझ्या शेजारी उभी होती. ती फोटोजवळ गेली, लुगड्याच्या चुण्या नीट बघितल्या आणि म्हणाली, "छान आलाय." जसा पहिल्यांदाच बघतेय. आणि खरंच, ती तो पहिल्यांदाच बघत होती. मी तिला कधी दाखवलाच नव्हता.

पण सांगायची ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी इतकी पानं टाळत आलोय. प्रिंट काढला त्या गुरुवारी मी घरी आलो तेव्हा ती निजली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, मी चहा पीत होतो. ती आंघोळ करून पूजेला बसली. देव्हाऱ्यात काळोख. तिने बटण दोनदा खालीवर केलं, मग रिकाम्या होल्डरला हात लावून पाहिला. माझ्याकडे वळली. हातात निरांजन तसंच.

"देवाचा बल्ब कुठे गेला?"

मला वाटतं तिने तो प्रश्न मुद्दाम इतक्या हळू विचारला, मला जागा राहावी म्हणून. फार मोठी जागा होती ती. तीन शब्दांत मावलं असतं. तुझं खरं होतं.

मी म्हटलं, "दुकानात नेला. माझा दिवा फुटला."

"उस्तादांची काच फुटली?"

"हो. हातातून सटकली."

तिने निरांजन खाली ठेवलं. "बरं," म्हणाली, आणि समईत तेल घातलं.

मी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि दुकानात गेलो. शटर वर केलं नाही, मागच्या दाराने आत शिरलो. बिस्किटाचा डबा खुंटीवरून काढला. पुढची काच सोडवली. ती आख्खी होती, कुठे चरा नव्हता. मी ती लादीवर टाकली. पहिल्यांदा फुटली नाही. मग उचलून हातोडीने फोडली, आणि सगळे तुकडे पेपरात गोळा करून, गिऱ्हाईक यायच्या आत, नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकून आलो.